दोन सह्यांचा पक्षी

मेलेला पक्षी मोजणीत धरायचा नाही, हा नियम माझ्यामुळे झाला. मी आठेक वर्षांची असेन. तलावाच्या सांडव्याखाली लांब चोचीचा एक पाणलावा मरून पडलेला मला सापडला. तो अप्पांच्या पक्ष्यांच्या रजिस्टरात नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तो फ्रॉकच्या ओच्यात घालून मी पळत घरी आणला. अप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली, हात धुतले, पक्षी उलटासुलटा करून पाहिला, त्याची चोच स्वतःच्या बोटाला लावून मोजली. त्यांना आनंद झालेला दिसत होता. मग म्हणाले, "ह्यो हितं आपणहून आला, का घारीनं आणून टाकला, हे कोण सांगणार? पुरून टाक." मी रडले. माय चुलीपुढून म्हणाली की पोरीनं आणलाय तर लिहा की एक ओळ, सरकारची शाई काय आटायलीय का. अप्पांनी ओळ लिहिली, पण ती वेगळीच. रजिस्टराच्या पहिल्या पानावर आधीच्या नियमांखाली त्यांनी हा नवा नियम लिहिला आणि मला मोठ्याने वाचायला लावला.

आधीचे नियम असे होते की नुसता आवाज ऐकू आला तर पक्षी धरायचा नाही, पाळलेला किंवा पाय बांधलेला धरायचा नाही, आणि एकट्याने पाहिलेला धरायचा नाही. हा शेवटचा नियम कुठल्या पक्ष्यांच्या पुस्तकातून आलेला नव्हता, तो अप्पांच्या नोकरीतून आलेला होता. भालकीहून खटकचिंचोळीकडे जाताना रस्त्यापासून आत आमचा तलाव होता, आणि अप्पा तिथे गेज वाचायचे. धरणाच्या दगडी उतारावर फूट आणि इंच रंगवलेले खांब होते. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघायचं, रजिस्टरात लिहायचं, खाली सही करायची, आणि शेजारी तलावाचा वॉचमन बस्वण्णा सही करायचा. एका सहीचं पाणी पाटबंधारे खातं पाणी मानत नसे. अप्पांना खात्याची ही एकच गोष्ट मनापासून पटलेली होती, आणि एका जुन्या कोऱ्या रजिस्टरात जेव्हा ते तलावावरचे पक्षी लिहू लागले तेव्हा ती त्यांनी जशीच्या तशी उचलली. पक्षी, किती, कुठे, आणि दोन सह्या. बस्वण्णाला पक्ष्यांचं काहीही पडलेलं नव्हतं. तो बिडी विझवून, डोळे बारीक करून, "व्हय की, हाय" म्हणायचा आणि सही करायचा. पण नसलं तर "मला काय दिसंना, अप्पा" असंही तितक्याच शांतपणे म्हणायचा. त्याच्यासारखा साक्षीदार पुढे मी कुठल्या कोर्टातही पाहिला नाही.

धरणाच्या टोकाला खात्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे पत्र्याची पडवी. तिथे आवाज कधी थांबायचेच नाहीत. गेटच्या फटीतून झिरपणारं पाणी, दिवसभर कुणावर तरी चिडलेली टिटवी, मायचं भाकरी थापणं, आणि हिवाळ्यात पहाटे बदकांचं असं कुजबुजणं की जणू एखाद्या मयताच्या घरी माणसं जमलीत. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि अंबाडीची भाजी. बस्वण्णाच्या घरी त्या भाजीला पुंडीपल्ल्या म्हणत आणि ती आमच्यापेक्षा चांगली व्हायची, हे माय सोडून सगळ्यांना मान्य होतं. आमच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्या खाली खिळ्याला अडकवलेली दुर्बीण. ती दुर्बीण गुलबर्ग्याच्या एका प्राध्यापकांनी दोन हिवाळे आमच्याकडे भाकरी खाल्ल्याच्या बदल्यात मागे ठेवलेली. तिच्या डाव्या नळीत बुरशी होती. त्यामुळे आमच्या तलावावरचा प्रत्येक पक्षी अर्ध्या धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. मला वाटायचं पक्षी असेच असतात.

अप्पांना रजिस्टरात एकच पक्षी हवा होता, आणि तोच मिळत नव्हता. करकरा. थंडीत दूर उत्तरेकडून येणारे राखी रंगाचे, उंच मानेचे क्रौंच. आमच्या भागात त्यांचा आवाज सगळ्यांना माहीत. येळवशीच्या सणाच्या सुमारास कुठूनतरी खूप उंचावरून कर्र कर्र येतं, शेतातली बाई खुरपं थांबवते आणि म्हणते, करकरे चालले. अप्पा असे शेकडो वेळा मान वर करून उभे राहिलेले मी पाहिलेत. आवाज ऐकू यायचा, पक्षी दिसायचे नाहीत. किंवा दिसायचे, पण बस्वण्णा जेवायला गेलेला असायचा. मी त्यांना एकदा म्हटलं की ते येतात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, मग लिहायला काय हरकत आहे. ते म्हणाले, "तालुक्याला बरंच ठाऊक असतंय."

मी पीयूसी नापास होऊन घरी बसले त्याच वर्षी बस्वण्णा नोकरीतून निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी अप्पांचे डोळे जायला लागले. नवा वॉचमन आलाच नाही. नापास मुलीला लग्न ठरेपर्यंत काहीतरी उद्योग हवा, म्हणून दुसरी सही माझ्याकडे आली. आधी मला वाटलं ते नीट बघत नाहीत. मग एका सकाळी ते गेजच्या खांबापुढे वाकून फार वेळ उभे राहिले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तूच वाच गं आज, माझा चष्मा पुसायचाय." मी वाचलं. त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी चष्मा परत पुसायचा होता. महिन्याभरानंतर चष्म्याचा विषय निघायचा बंद झाला. गुलबर्ग्याच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येत नसते हेही सांगितलं. अप्पांनी ते घरी येऊन पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं.

पहिलं खोटं मी कुदळ्याच्या बाबतीत बोलले. अप्पा दुर्बीण लावून म्हणाले, "तो बघ, पांढरा कुदळ्या, बाभळीखाली." बाभळीखाली खताचं रिकामं पोतं अडकलं होतं. त्याच सकाळी ते उंबऱ्याला ठेचकाळले होते, आणि मायने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला होता. मी म्हटलं, "व्हय, अप्पा." त्यांनी समाधानाने लिहिलं, मी सही केली. एक पोतं पक्षी म्हणून नोंदवलं तर जगाचं काही बिघडत नाही, असं मला वाटलं. आजही जगाचं काही बिघडलेलं नाही. पण एकदा व्हय म्हटलं की पुढच्या वेळी नाही म्हणायला कारण लागतं. त्या तीन वर्षांत रजिस्टरात चौदा नवे पक्षी चढले. त्यातले नऊ पोत्याच्या, ओंडक्याच्या किंवा म्हशीच्या पाठीच्या जातीचे होते. चारांबद्दल मला आजही खात्री नाही. एक खरा होता.

तो खरा सांगायलाच हवा. उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी आटून मधलं बेट उघडं पडलेलं. मी एकटक बघत होते आणि समोरून एक काळा-पांढरा पक्षी पाण्याला टेकून आला. चोच लालभडक केशरी, वरचा भाग आखूड, खालचा लांब, आणि तो खालचा भाग पाण्यात बुडवून तो सरळ रेघ ओढत गेला. कापड दुकानदार कात्री न हलवता कापड फाडत नेतो, तसा. पाणी दोन बाजूंना उघडत गेलं आणि मिटलं. पाणचिरा. पुस्तकात तो मोठ्या नद्यांवरचा म्हणून लिहिला होता, आमच्या डबक्यावर त्याचं काही काम नव्हतं. मी अप्पांचा खांदा धरून त्यांची दुर्बीण वळवली, चोच सांगितली, रेघ सांगितली. ते बराच वेळ बघत राहिले. मग दुर्बीण खाली करून म्हणाले, "दिसला." त्या दिवशी त्यांनी मायला गोड करायला सांगितलं. गव्हाची हुग्गी झाली आणि आम्ही तिघांनी ती एखाद्या बारशाची खावी तशी खाल्ली.

मग तालुक्याच्या साहेबांना आमचा तलाव सापडला. तलाव तिथे निजामाच्या काळापासून होता, पण साहेबांना तो त्या हिवाळ्यात सापडला. ठरलं असं की पक्षी-दिन साजरा करायचा, धरणावर मोठा बोर्ड लावायचा, त्यावर "येथे इतक्या जातींचे पक्षी आढळतात" असं लिहायचं, आणि त्या पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या गरीब कर्मचाऱ्याला शाल घालायची. अप्पांचा पगार वेळेवर व्हायचा, त्यामुळे ते गरीब केव्हा झाले हे आम्हाला त्या पत्रिकेवरून कळलं. साहेबांचा माणूस आकडा विचारायला आला. रजिस्टराप्रमाणे एकशे एकवीस भरत होते. अप्पा म्हणाले, चार दिवसांनी सांगतो. माणूस म्हणाला, बोर्डवाल्याला आजच सांगायचंय, आणि रजिस्टरातला शेवटचा आकडा बघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेज वाचून झाल्यावर अप्पा परतले नाहीत. धरणावर उभे राहिले, दुर्बीण पलीकडच्या काठाकडे लावली, आणि हळू आवाजात म्हणाले, "विमे, बघ. करकरे."

पलीकडच्या काठावर कुणाचंतरी डिझेलचं इंजिन चालू होतं. दोन माणसं पाइप ओढत होती, निळा धूर निघत होता. पक्षी नावाला नव्हता. मी ते सगळं बघितलं आणि मनात एकच आलं, की बोर्ड लागायच्या आधी त्यांना हा मिळायलाच पाहिजे.

"व्हय, अप्पा," मी म्हटलं.

"किती हायत?"

"सात. आठ असतील."

"काय करायलेत?"

"चरायलेत. एकजण मान वर करून उभाय."

त्यांनी दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही. "इंजिन सकाळपासनं भडभडायलंय तिथं," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. ऐकू येतंय की."

आवाज धरायचा नाही, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी त्यांनी आवाज धरला.

घरी येऊन त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि मला तीन वर्षांच्या नोंदी वाचायला लावल्या. नवा पक्षी आला की ते बोट ठेवायचे, मी पट्टी धरायची आणि ते लाल पेनाने रेघ मारायचे. रेघा वाकड्या जात होत्या. मी एकही नोंद वाचवायचा प्रयत्न केला नाही. पाणचिऱ्याची ओळ आली तेव्हा मात्र पट्टी धरली नाही. म्हटलं, हा खरा आहे अप्पा, शपथ घेते, ह्याच्याबद्दल मी खोटं बोलले नाही. माय भाकरी थापायची थांबली.

"तू बोलली नसशील," अप्पा म्हणाले. "मी बोललो. मला पाण्याबिगर काहीच दिसलं न्हाई त्या दिवशी. तू खांदा गच्च धरलेला, म्हणून दिसला म्हणलो. तवापासनंच मला वाटायलंय, मी असं करतो तर ही बी करत असंल." मग लाल पेन उघडून, "पट्टी धर."

मी धरली. आमच्या तलावावर आलेला सगळ्यात मोठा पाहुणा असा गेला. त्याच्या ओळीवर दोन सह्या आहेत, आणि तिथे खोटी सही माझी नाही. मी पुढे शिकले, ग्रंथपाल झाले, चाळीस वर्षं इतरांची पुस्तकं सांभाळली, आणि या एका ओळीत जेवढं वाचायला मिळालं तेवढं फार थोड्या पुस्तकांत मिळालं. हल्ली माझ्या ओळखीची माणसं मोबाईलवर पक्ष्यांच्या याद्या करतात. पाणचिऱ्याबद्दल मी एकदा बोलून गेले, तर त्यांनी लगेच विचारलं की फोटो आहे का. नाही म्हटल्यावर ते फार सौजन्याने गप्प झाले. अप्पा पट्टी तरी धरायला लावायचे.

पक्षी-दिन झाला. मंडप, लाऊडस्पीकर, शाळेची मुलं, आणि त्या आवाजाने तलावावरचे सगळे पक्षी सकाळीच उडून गेलेले, त्यामुळे समारंभ शांतपणे पार पडला. अप्पांना शाल मिळाली. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उठले आणि त्यांनी सांगितलं की बोर्डावरचा आकडा चुकलाय, एकशे सात करा, बाकीचे बघणाऱ्याच्या नजरेतला दोष आहे. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या वाजल्या. साहेब हसून म्हणाले की रंग वाळलाय आता. तो बोर्ड गेल्या वर्षीपर्यंत तरी उभा होता, एकशे एकवीस आकड्यासकट. त्यावर पेंटरने मधोमध रोहित काढलाय, गुलाबी, एका पायावर. रोहित आमच्याकडे कधीच आला नाही. तो धरला तर एकशे बावीस होतील.

पण अप्पा तिथे थांबले नाहीत. पुढच्या सोमवारी ते मला न घेता एसटीने भालकीला गेले आणि कचेरीत लिहून देऊन आले की मला गेज दिसत नाही, तीन वर्षांचं वाचन दुसऱ्याने केलेलं आहे, त्याची खात्री मी देऊ शकत नाही. मी त्यांच्यापुढे बसून सांगितलं की पाण्याचा एक इंचसुद्धा मी कधी चुकीचा वाचलेला नाही. हे खरं होतं. पाण्याशी खोटं बोलायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"नसशील वाचलं," ते म्हणाले. "पण हे आता मला कळावं कसं?"

नोकरी संपली, क्वार्टर गेलं, आम्ही खटकचिंचोळीत भाड्याच्या खोलीत राहायला आलो. तिथे भिंतीला दुसऱ्याची भिंत लागलेली, आणि सगळ्यात जवळचा पक्षी म्हणजे समोरच्या पत्र्यावर चालणारा कावळा. मायने मला कधी बोल लावला नाही. ती फक्त मी वाढलेलं तिखट आहे का खारट हे स्वतः चाखून बघायला लागली, आधी बघत नसे. अप्पा दिवसभर बाजेवर बसायचे. कुणी आलं की आवाजावरून ओळखायचे, पण नाव घ्यायचे नाहीत, समोरचा स्वतः नाव सांगेपर्यंत थांबायचे. मी म्हटलं, आता तो ऐकण्याचा नियम बदला की अप्पा, कानाने धरा. ते म्हणाले, डोळे धड असताना केलेला नियम डोळे गेले म्हणून बदलायचा, तर मग तो नियम कसला.

दुसऱ्या वर्षी येळवशीला बस्वण्णा बैलगाडी घेऊन न्यायला आला. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात जेवतात. बस्वण्णाचं शेत तलावाला लागून. मी लहान होते तेव्हा आमची पंगत बांधाच्या अलीकडे वेगळी बसायची. मला कळायला लागलं तोवर ती पलीकडे, त्यांच्या पंगतीत गेली होती, आणि या बदलावर कुणी भाषण केलेलं मला आठवत नाही. कडब्याची खोप, खोपीत पांडव म्हणून मांडलेले दगड, चुन्याचा पट्टा दिलेल्या मडक्यात अंबील, आणि सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. त्या दिवशी धुकं इतकं होतं की दहा वाजले तरी तलाव कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. अप्पांना तलावाकडे तोंड करून बसवलं होतं. त्यांना त्याने काही फरक पडत नव्हता, पण दुसरीकडे तोंड करून बसवणं आम्हा कुणालाच सुचलं नसतं.

अंबील ओतत असताना आवाज आला. कर्र कर्र, आणि लांब नाही, अगदी डोक्यावर. खाली खाली येत चाललेला, जसे काही ते उतरायलाच आलेत. जेवणारे सगळे थांबले. अप्पांचा हात वाडग्यावर होता, तो तसाच राहिला. मी उठून पाण्याच्या कडेपर्यंत पळत गेले. धुकं. आवाज पाण्यावरून गोल फिरला. मला पांढऱ्यात काहीतरी राखी हललं असं वाटलं, मानेसारखं, आणि मग ते परत पांढरं झालं.

मी परत आले तेव्हा माय बोलून गेली होती. तिने आयुष्यात कधी दुर्बिणीला हात लावला नव्हता आणि ती चुलीकडे तोंड करून बसलेली होती. "मला दिसले," ती अप्पांना सांगत होती. "चांगले धा-बारा होते. लिहा तुमच्या त्या वहीत." बस्वण्णा खाली बघून भज्जी कालवत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

अप्पांनी माझ्या पावलांकडे चेहरा वळवला. "तुला?"

एक सही झालेली होती. दुसरी माझ्याकडे होती. करकरे तिथे होते, यात शंकाच नव्हती; अख्खं शिवार ऐकत होतं. व्हय म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं फारसं. तो अप्पांचा शेवटचा हिवाळा ठरला. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकते, पण त्यांचे हात बघून ते कुणालाही कळलं असतं.

"न्हाई, अप्पा," मी म्हटलं. "आवाज आला निस्ता."

त्यांनी मान हलवली, वाडगं पुढे केलं, आणि मायने त्यात अंबील ओतली. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बेताचंच बोलली.

ते उत्तर मी खरं म्हणून दिलं, की पाणचिऱ्याची ओळ गेली म्हणून दिलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. धुक्यातली ती राखी मान मी पाहिली असेन. पोत्याला पक्षी म्हणणाऱ्या मुलीने खऱ्या पक्ष्याला धुकं म्हटलं असेल. मला ते ठरवता येत नाही, आणि दुसरा साक्षीदार नाही.

खोलीवर आल्यावर अप्पांनी रजिस्टर काढायला लावलं. मी म्हटलं, धरले नाहीत तर लिहायचं काय. ते म्हणाले, तेच लिही. माझ्या अक्षरात ती शेवटची नोंद आहे: करकरे. फक्त आवाज. धरले नाहीत. खाली दोन सह्या. माझी रेघेवर आहे. त्यांचं पेन मी धरून कागदावर टेकवलं होतं, पण हात सोड म्हणाले, म्हणून सोडला. त्यांची सही रेघ सोडून खाली गेली आहे, जिथे पुढच्या पक्ष्याची जागा होती.